हाडांच्या चांदण्या

"बाबा, कोणाच्या दारात टांगला? नाव सांगता, का एकेक दार ठोकत जाऊ?"

रिबेका भर गल्लीत उभी राहून ओरडत होती. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे ती. आवाज असा, की वरठी स्टेशनातून सुटणाऱ्या मालगाडीनं आधी तिला विचारावं आणि मग शिटी मारावी. नाताळ होऊन दोन-तीनच दिवस झाले होते. गल्लीत प्रत्येक दारावर निळी चांदणी अजून लटकत होती आणि प्रत्येक चांदणीखाली एकेक डोकं उगवलं होतं. माझंही.

ज्यांच्यावर ती ओरडत होती ते तिचे वडील, आमचे दानियलकाका, आपल्या ओट्यावर बसले होते. खाकी स्वेटर, कानाला मफलर, दोन्ही तळहात गुडघ्यांवर.

"ठीक हाय," ते म्हणाले.

"काय ठीक हाय? डॉक्टरनं जुना फोटो मांगतला. छातीतला डाग वाढला का तेवढाच हाय, ते जुना पाहूनच समजते. कापाचं का नाही, सारं त्याच्यावर हाय. आज फोटो घेऊन निघाचं होतं आपल्याले! अन् तुमी तो धुतला? कापून चांदणीले लावला?"

"आवं माय!" समोरच्या सुमनवहिनींच्या तोंडून निघालं.

फोटो म्हणजे एक्स-रे. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. आता शहाणासुरता माणूस स्वतःच्या छातीचा फोटो धुऊन, कापून, शेजाऱ्याच्या दारात कशासाठी टांगेल, हे कळायला आधी काका कळले पाहिजेत. मला ओळखणारे म्हणतील, हा सांगतो त्यातलं अर्धं सोडून द्यावं. सोडा. उरलेलंही कमी नाही.

काका भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत मदतनीस होते. माणसाला मशीनपुढे उभा करायचा, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि म्हणायचं, "सांस रोको. हिलना नहीं." खट्. "छोडो." मग अंधाऱ्या खोलीत जाऊन फिल्म धुवायची, वाळत घालायची. सारा जन्म त्या अंधारात गेला. उन्हात आले की दिवसाच्या घुबडासारखे डोळे मिचकावत. गल्लीत बोललं जाई (म्हणजे मीच बोलत असे), की काकांना शर्टाच्या आतलं दिसतं. लग्नाच्या पंगतीत बसले की समोरच्या रांगेत कोणाची कितवी बरगडी वाकडी आहे ते पाहत पाहत वरणभात खातात.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा निघाला, त्याच सुमारास काका रिटायर झाले. चहाच्या टपरीवर तेव्हा रोज त्या वाटणीची पंचायत बसे. आवाज चढत, कप आदळत. काकांनी एक दिवस सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाड नाई तुटलं. सांधा सुटला." सायकलवर बसले आणि गेले. याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण त्यानंतर त्या विषयावर टपरीवर कोणाला काही सुचलं नाही.

त्यांची नोकरी सुटली, सवय सुटली नाही. नळावर बायकांचं भांडण पेटलं की काका सायकल थांबवून म्हणत, "सांस रोको." आणि गंमत म्हणजे बायका खरंच रोकत. सगळ्याच कधी ना कधी त्यांच्या मशीनपुढे उभ्या राहिल्या होत्या; शरीराला हुकूम ओळखीचा. काका जरा थांबून म्हणत, "छोडो." तोवर भांडण कशावरून होतं तेच विसरायला होई. एकदा "छोडो" म्हणायचं विसरून ते मोहाडीच्या बाजाराला निघून गेले. सुमनवहिनी संध्याकाळपर्यंत निळ्या पडून उभ्या होत्या. वहिनी हे नाकारतात. पण वहिनी तर स्वतःचं वयही नाकारतात.

गल्लीत ख्रिश्चनाचं घर हे एकच. बाकी घरं काही बौद्धांची, काही हिंदूंची. सण कोणाचाही असो, फराळाची ताटली सगळ्या दारांतून फिरते आणि रिकामी परत जात नाही. नाताळला मार्थाबाई, म्हणजे काकांच्या बायको, करंज्या करत. त्या करंजीच्या पापुद्र्याआड वर्तमानपत्र धरलं तर वाचता येईल इतक्या पातळ. आणि काका प्रत्येक घराला एक भेट देत. भेटीचं त्यांचं शास्त्र कडक होतं. एकदा मी म्हटलं, "काका, एवढी मेहनत कायले? बाजारात पाच मिनिटांत मिळते." तर म्हणाले, "इकत आणलं त दुकानदारानं देल्लं. आपण कुठी देल्लं?"

म्हणून भेटीत विकतचं काही नसे. दिवाळी उलटली, आकाशकंदिलांचे कागद फाटले, की काका पोतं घेऊन निघत. कंदिलांचे सांगाडे, त्या बांबूच्या कामट्या, गोळा करत. आणि दारात उभे राहून हाक देत, "हाडं हायत का, हाडं?"

हाडं सगळ्यांकडे असत. आमच्याकडे डॉक्टरचा कागद फेकत नाहीत. फेकला तर दुखणं परत येतं म्हणतात. म्हणून कधीतरी काढलेले फोटो गाद्यांखाली पिढ्यान्‌पिढ्या झोपलेले. माझ्या घरी आजोबांचा मणका होता, त्यावर बाबांचा गुडघा, त्यावर माझा खांदा. गादी उचलली असती तर आमच्या घराण्यातला एक अख्खा मेश्राम जोडून उभा करता आला असता. फेकता येत नाही आणि ठेवून उपयोग नाही, अशी ती इस्टेट. काका मागायला आले की लोक सुटल्यासारखे काढून देत. दुसऱ्याला दिलं म्हणजे फेकलं असं होत नाही ना!

अंगणात चुलीवर टोपलं, म्हणजे मोठं पातेलं, चढे. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा, त्यात फिल्म. वर काळी साय येई, ती काका चिंधीनं पुसत. पुसता पुसता बरगड्या जात, मणके जात, आणि खाली राहायचा निळा, काचेसारखा पारदर्शक पत्रा. तसा निळा रंग दुकानात मिळत नाही. तो कात्रीनं कापून, कामट्यांवर बसवून, दाभणानं जाड दोऱ्यात शिवायचा. एकेका टोकाला ते पाकळी म्हणत. पाच पाकळ्यांची चांदणी, आत छोटा बल्ब. पंचवीस तारखेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, काका दारोदार जाऊन स्वतःच्या हातानं टांगून येत.

नियम एकच. ज्या घराचा फोटो, त्या घराला त्याची चांदणी नाही. "आपली हाडं आपल्या दारात टांगाची नाईत," ते म्हणत. काहून, असं विचारलं तर दाभणात दोरा ओवू लागत.

सुरुवातीच्या वर्षी काकांचा हात बसलेला नव्हता. फिल्मा अर्धवट धुतल्या गेल्या. दिवे लागले आणि गल्लीत कुठे खुबा उजळला, कुठे कवटी. त्याच संध्याकाळी सुमनवहिनींच्या मुलीला पाहायला मोहाडीचे पाहुणे आले. दारात चांदणी, चांदणीत ढळढळीत कमरेचं हाड. मुलाच्या आईनं चप्पल काढलीच नाही. "घरात कोणाले बिमारी हाय का वो?" वहिनी रडकुंडीला. तेवढ्यात काका समोरून आले, चांदणीकडे पाहून म्हणाले, "हे हाड यायच्या घरचं नाई. पण पाहा, या वयातही कसं भरीव हाय. या गल्लीचं पाणी हाय ते." मुलाचा मामा कंपाउंडर होता. त्यानं चष्मा लावून हाड तपासलं, मान डोलावली, आणि पाहुण्यांनी मुलगी पाहण्याआधीच गल्ली पसंत केली. आज त्या मुलीला दोन पोरं आहेत आणि दोघांच्याही कमरा, मी पाहिल्या आहेत, भरीव आहेत.

दुसरी गोष्ट वासुदेव आणि हरिदासची. भिंतीला भिंत लागून घरं आणि मधल्या नालीवरून वैर. एकदा हरिदासनं ढकललं आणि वासुदेवचं मनगट मोडलं. पुढच्या नाताळला हरिदासच्या दारात चांदणी लागली, आणि एका पाकळीत तेच मनगट. फिक्कं, पण तडा स्पष्ट. महिनाभर रोज संध्याकाळी हरिदासला त्याखालून घरात शिरावं लागलं. आता तुम्ही म्हणाल, मन पाघळलं, गळाभेट झाली. नाही झाली. हरिदासनं फक्त आतला बल्ब काढून त्याहून मिणमिणता लावला. मी काकांना विचारलं, "हे मुद्दाम केलं ना तुमी?"

"फिल्म चांगली होती," काका म्हणाले.

त्यांची उत्तरं अशीच. का विचारलं की माणूस मनातलं काही सांगतो. काका कामट्या, दोरा, फिल्म यांबद्दल सांगत.

मार्थाबाई एका पावसाळ्यात गेल्या. दमा जुना होता. इथं मला रंगवायला काही नाही. रिबेकानं नंतर सांगितलं तेवढंच: शेवटी त्यांनी एक श्वास घेतला आणि काका सवयीनं वाट पाहत राहिले. मग मशीनपुढच्या माणसाला सांगावं तसं, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "छोडो."

त्यानंतर काका कधी कोणाला "सांस रोको" म्हणाले नाहीत. नळावरची भांडणं पुन्हा पूर्ण लांबीची होऊ लागली. काकांना काहीही सांगा, उत्तर एकच. "काका, यंदा पाणी कमी पडलं." "ठीक हाय." "काका, तुमच्या सायकलीवर बैल बसला." "ठीक हाय." मी मुद्दाम एकदा म्हटलं, "काका, तुमी वारले म्हणून राहिले लोक." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ठीक हाय."

रडले असते तर गल्लीला बरं वाटलं असतं. आम्हाला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत आहे. पाणी द्यायचं, पाठीवर हात ठेवायचा. काका रडले नाहीत. दिवाळीनंतर पोतं घेऊन निघाले, हाडं मागितली, टोपलं चढवलं. चांदण्या तशाच निळ्या, टाका तसाच सरळ. फक्त सोबत करंज्या नव्हत्या. ताटली मात्र आणली होती, रिकामीच. सुमनवहिनींनी ती हातात घेतली, काय करावं न कळून तशीच धरून उभ्या राहिल्या, आणि मग आत जाऊन तीत चिवडा भरून आणला.

एक फोटो मात्र त्यांनी धुतला नाही. मार्थाबाईंच्या छातीचा, शेवटचा. तो त्यांनी चौकटीतल्या खिळ्यांना, चांदणीच्याच दोऱ्यानं, पूर्वेच्या खिडकीत ताणून बांधला होता. सकाळी चहा घेऊन गेलं की दिसे: ऊन त्या बरगड्यांतून आत येतंय, टेबलावर पट्टे पडलेत, आणि काका त्या पट्ट्यांत कप ठेवून बसलेत. सुमनवहिनी एकदा न राहवून म्हणाल्या, "काका, आपली हाडं आपल्या दारात टांगाची नाईत ना?"

"दार कुठी हाय? खिडकी हाय."

पुढे पुढे हाडांचा दुष्काळ पडू लागला. दवाखाने फोटो मोबाईलवर पाठवायला लागले. मोबाईल सोड्यात उकळता येत नाही. (मी एकदा करून पाहिलंय, चहा समजून, ती गोष्ट वेगळी.) गल्लीतल्या गाद्या रिकाम्या झाल्या. काकांनी चांदण्या लहान केल्या, जुन्या उसवून त्यांच्या पाकळ्या नव्यात घातल्या. पण एक घर सुटलं नाही.

त्या शेवटच्या वर्षी त्यांना खोकला लागला होता. दिवाळीत रिबेका आली आणि बळंच त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेली. तिथं मशीन जुनंच होतं, म्हणून फिल्मच हातात मिळाली. आमच्या अंगणात उभं राहून तिनं ती बल्बासमोर धरली. बराच वेळ धरली. मग बोट ठेवून दाखवलं: चण्याएवढा पांढरा डाग.

"बाबा, हा जपून ठेवा. नागपूरच्या डॉक्टरची तारीख घेते मी. याची कॉपी तेयच्याकडे राहत नाई, समजलं? हा गेला त गेला."

"ठीक हाय," काका म्हणाले, आणि गल्लीतला कोणीही ठेवेल तसा तो त्यांनी गादीखाली ठेवला.

नाताळच्या तोंडावर कोपऱ्यातल्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. नाकाडोंगरीचं जोडपं, नवऱ्याला इथल्या कारखान्यात काम लागलेलं, बायको नुकती लग्न होऊन आलेली. कोणाशी ओळख नाही. तोवर काकांच्या सगळ्या चांदण्या शिवून झाल्या होत्या. पण आदल्या संध्याकाळी पाहतो तर त्याही दारात निळी चांदणी! ती पोरगी खाली उभी राहून वर पाहत होती आणि काका सायकलला हात लावून निघाले होते. मी म्हटलं, "काका, एक जास्तीची कुठून काढली?" काकांनी सायकलची घंटी वाजवली.

आता तुम्हाला सगळं ठाऊक आहे. रिबेका ओरडत होती ती का, तेही.

काका नाव सांगेनात म्हणून ती खरंच निघाली. पहिलं दार माझंच. मी चांदणी उतरवून दिली. तिनं उन्हात धरली, फिरवली, खाली ठेवली. मग न सांगता सगळेच आपापल्या चांदण्या उतरवू लागले. थोड्या वेळात सारी गल्ली रस्त्यावर उभी राहून आभाळाकडे निळ्या चांदण्या धरून पाहत होती, ग्रहण पाहावं तशी. आणि आमची गल्ली ती; गप्प कशी राहील?

"हे खुब्याची रेघ हाय, हे माही हाय!"

"ठेव खाली. माह्या सासूची हाय ते. ती ओळखू येते, टेढी होती."

हरिदास चांदणी घेऊन आला तेव्हा वासुदेव तिच्याकडे पाहत होता.

शेवटी नाकाडोंगरीची ती पोरगी आली. दोन्ही हातांत चांदणी, चोरी पकडल्यासारखा चेहरा. "ताई, हे पाहा जी. याच्यात नाव दिसून राहिलं."

खरंच. एका पाकळीत, टाक्याच्या कडेला, गळ्याजवळच्या हाडाची पुसट रेघ राहिली होती, आणि कोपऱ्यात नावाची पट्टी. दानियल. बाकीची सगळी पाकळी निळी. तलावाचं पाणी थंडीत होतं तशी स्वच्छ.

रिबेकानं ती उन्हात धरली. तिरपी केली. जवळ नेली, लांब नेली. दिवाळीत जिथं बोट ठेवलं होतं तिथं बोट ठेवलं, आणि ते बोट पलीकडून दिसलं.

"डाग त नाई दिसून राहिला वो," सुमनवहिनी हळूच म्हणाल्या. "बरं झालं असन का?"

एरवी यावर गल्ली आठवडाभर हसली असती. मी तर महिनाभर.

"ताई, घेऊन जाता का हे?" पोरीनं विचारलं.

उत्तर ओट्यावरून आलं. "नाई. टांग ते. देल्लं ते देल्लं."

रिबेकानं चांदणी तिच्या हातात दिली आणि घरात गेली. मी दारापर्यंत गेलो होतो, तिच्यासाठी पाणी घेऊन. ती पूर्वेच्या खिडकीसमोर उभी होती. आईचा फोटो तसाच होता, दोऱ्यानं ताणलेला, एकही बरगडी न पुसलेली. आता ती ओरडत नव्हती.

"हा पण फिल्मच होता," ती म्हणाली. मला म्हणाली की खिडकीला, माहीत नाही. मी पाण्याचा गिलास टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी ती काकांना घेऊन नागपूरला निघाली; नवा फोटो काढू, डॉक्टर काय म्हणतो पाहू. डॉक्टरला ताडून पाहायला मागचं काही नव्हतं. तो म्हणाला, थोडे दिवस थांबू, पुन्हा काढू, मग ठरवू. ते थोडे दिवस तसेच गेले. काका परत वरठीला आले नाहीत. उन्हाळ्यात रिबेकाचा फोन आला. गल्लीतल्या चांदण्या अजून निघतात दर नाताळला. टाके उसवले तर सुमनवहिनी घालतात, वेडेवाकडे.

तर ते निघाले त्या दिवशी स्टेशनावर मी त्यांची पिशवी घेऊन गेलो होतो. गाडीला उशीर होता. रिबेका तिकिटाच्या रांगेत. काका बाकावर बसले होते, पाठ ताठ, हनुवटी जरा वर, खांदे पुढे. त्यांनी कितीतरी लोकांना उभं केलं असेल तसे. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि ते मिचकावत होते. मी आयुष्यभर नको तिथं बोललो आहे. तिथंही मला राहवलं नाही.

"काका, एक विचारू? गादीखालचा फोटो धुतला काहून?"

गाडीचा आवाज आला. काकांनी मफलर सारखा केला आणि पिशवी माझ्या हातातून घेतली.

"एक पाकळी कमी पडून राहिली होती," ते म्हणाले.